पुढे धावणारा

शनिवारच्या बाजारात डोमोकोशच्या गाळ्यापुढे बालिंट केरेकेश सॉसेजच्या पुडक्याची वाट बघत उभा होता. तेवढ्यात तपकिरी टोपी घातलेला एक माणूस त्याच्याकडे बघत बघत जवळ आला. "तुम्हीच ना ते? रेडा केरेकेश?" त्यानं विचारलं. अशी ओळख आता वर्षा-सहा महिन्यांनी एखाद्या वेळी निघायची, आणि निघाली की बालिंटला आपला कोट थोडा घट्ट झाल्यासारखा वाटायचा. तो हसला. माणूस बायकोकडे वळून सांगायला लागला, की मी न् माझे वडील सरोवराकडच्या बाजूला बसायचो, वारा असा यायचा की कॉफी गोठायची, आणि हे, हे गृहस्थ, हे चेंडू घेऊन नुसते घुसायचे. मग पुन्हा बालिंटकडे वळून म्हणाला, "आणि तुमच्या पुढे धावायचा तो, डाव्या बाजूचा गार्ड, तो काळा, उंचापुरा. वडील म्हणायचे, केरेकेशकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. काय हो नाव त्याचं?"

बालिंटनं तोंड उघडलं. नाव आलं नाही.

"तो…" असं म्हणून तो थांबला, आणि थांबलेलं दिसू नये म्हणून पुन्हा हसला. "त्याच्यासारखा दुसरा झाला नाही," एवढं मात्र त्यानं सांगितलं, आणि ते खरं होतं. टोपीवाल्याची बायको बाही ओढत होती. तो खूश होऊन हात हलवत गर्दीत गेला. उत्तर मिळालं नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. बालिंट तसाच बाहेर निघाला, आणि मागून डोमोकोश हंगेरीच्या रीतीनं नावापुढे काका-काकू लावत ओरडला, "बालिंट-बाची, पुडकं तर घेऊन जा. इलोना-नेनी मला फाडून खाईल."

बाहेर सरोवरावरून वारा येत होता. आता येईल, बसच्या थांब्यापर्यंत जाईस्तोवर येईलच, असं स्वतःला सांगत तो चालत राहिला. दात पडला की जीभ जशी उगाच त्या खळग्याकडे जात राहते, तसं मन पुन्हा पुन्हा त्याच जागी जात होतं, आणि जागा मऊ, रिकामी लागत होती. बाकी सगळं होतं. त्या गार्डच्या डाव्या हाताची करंगळी दोनदा मोडून बाहेरच्या अंगाला वाकलेली होती. गाडी चालवताना तो हलक्या आवाजात प्रार्थनेची गाणी म्हणायचा, आणि मधलं कडवं नेहमी गाळायचा. अलाबामातल्या लाल मातीच्या गावचा तो. त्याच्या बायकोचं नाव अर्लीन. अर्लीन हे नाव आलं, इतक्या सहज आलं, की बालिंटला त्या नावाचाच राग आला.

बावन्न वर्षांच्या माणसाला एखादं नाव न आठवणं यात काय मोठं, असं कुणीही म्हणालं असतं. पण हे कुणा शेजाऱ्याचं नाव नव्हतं. बालिंट केरेकेशनं आयुष्यात जे काही केलं ते या माणसाच्या पाठीमागे केलं होतं. त्यांचा खेळ, अमेरिकन फुटबॉल, लांबून बघणाऱ्याला गोंधळाचा वाटतो, पण फुलबॅकचं काम त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात वाईट. चेंडू छातीशी घट्ट धरायचा, डोकं खाली घालायचं, आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत मधोमध घुसून ते खाली पाडेपर्यंत पाय चालवत राहायचं. मोकळ्या मैदानात हरणासारखे पळणारे वेगळे. त्यांचे फोटो छान येतात. फुलबॅकच्या फोटोत फक्त ढीग दिसतो. पण भिंतीला आधी भोक पडावं लागतं, आणि ते गार्ड पाडतो. तो चेंडूला हात लावत नाही. त्याच्यासाठी कुणी ओरडत नाही. तो पुढे जाऊन धडकतो, आणि त्याच्या धडकण्यातून जी वीतभर जागा होते तीत दुसरा माणूस नाव कमावतो.

पहिल्या उन्हाळ्याच्या सरावाला सगळे नवे एका बराकीत कोंबलेले होते. हा उंच माणूस खाटेवर बसून पायाला पट्ट्या गुंडाळत होता. त्यानं मान वर न करता विचारलं होतं, "केरेकेश. हे कसलं रे नाव?" बालिंट म्हणाला, मजार आहे, हंगेरीचं, त्याचा अर्थ गाडीची चाकं बनवणारा. "बरं झालं," तो म्हणाला, "म्हणजे सरळ चालता येत असेल. हे बघ चाकवाल्या. मी डावीकडे वळलो की माझ्या पाठीला हात लाव. नुसता लाव, ढकलू नको. हात लागला की मला कळतं तू आलास. नाही लागला तर मी कुणासाठी मरतोय ते मला कळत नाही." पहिल्या दिवशी बालिंटनं लाज वाटून हात लावला नाही, आणि भिंतीत एकटाच जाऊन असा आपटला की नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी लावला. घामानं भिजलेली लोकरीची जर्सी, तिच्याखाली गरम, रुंद, हलती पाठ. त्या पाठीला उजवीकडे जायचंय की डावीकडे हे पाय हलण्याआधी तळव्याला कळायचं. लोक म्हणायचे केरेकेशला भिंतीतलं भोक आधीच दिसतं. त्याला काही दिसत नसे. बहुतेक वेळा त्याचे डोळे मिटलेले असत.

बस आली. खिडकीशी बसून त्यानं पुडकं मांडीवर ठेवलं. गुडघा आखडला होता, तो त्यानं हातानं उचलून सरळ केला. समोरच्या काचेत बघत त्यानं एकेक अक्षर घेऊन नावं लावून बघितली, आणि प्रत्येक नाव त्या पाठीवर दुसऱ्याच्या कोटासारखं अपुरं पडलं. आईला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं, असं मनात येऊन तो जरा सैलावला. आईनं त्याला नावानं हाक मारलीच नाही कधी. बकाय रोडवरच्या घरी बालिंटनं पहिल्यांदा त्याला जेवायला आणलं, तेव्हा गल्लीतल्या बायका पडद्याआडून बघत होत्या. आईनं दारात त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बालिंटला मजारमध्ये विचारलं, "हाच का तो पुढचा?" मग कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या वळकट्या त्याच्या ताटात बालिंटपेक्षा दुप्पट वाढल्या. बालिंट कुरकुरला, तर म्हणाली, "गप बस. पुढच्याला जास्त लागतं." तिथून पुढे मरेपर्यंत ती त्याला 'पुढचा'च म्हणायची, आणि तो तिच्या हाकेला ओ द्यायचा.

बाप मात्र या खेळाला शेवटपर्यंत बिचकून राहिला. तो पोलादाच्या कारखान्यात लाटणयंत्रावर होता. त्यानं मुलाचा एकच सामना पाहिला, आणि परत येताना ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर विचारलं, "चेंडू तुझ्या हातात असतो म्हणून ते तुला मारतात ना?" "हो, बाबा." "मग टाकून का देत नाहीस?" बालिंटनं ही गोष्ट दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सांगितली, तर पुढचा इतका हसला की बाकावरून खाली आला. त्यानंतर कित्येक वर्षं, बालिंट ढिगाखालून चेंडू पोटाशी धरून बाहेर आला की तो हात पुढे करून विचारायचा, "टाकून का देत नाहीस रे?" आणि त्याला ओढून उभा करायचा.

बकाय रोडचा थांबा आला आणि गेला. बालिंट उतरला नाही. आपण का उतरलो नाही हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. घरी त्याची बायको इलोना होती. तिला नुसतं विचारलं असतं, तर काचेच्या कपाटातले कप पुसत तिनं मागे न बघता नाव सांगितलं असतं. आणि मग तिचा हात थांबला असता. तो थांबलेला हात त्याला बघायचा नव्हता. वसंतात त्यानं सुपाचं भांडं शेगडीवर ठेवून बाहेर फिरायला जाऊन ते जाळलं होतं. तिनं गुपचूप नवं भांडं आणलं होतं. उन्हाळ्यात कामावर, बिअरच्या गाड्या कुठल्या गल्लीत पाठवायच्या ते लावून देताना, एका सकाळी सगळ्या गल्ल्या त्याच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं काम उरकून दिलं आणि साहेबाला सांगितलं नाही. लोक त्याच्याशी फार चांगले वागत होते. त्या चांगुलपणाचीच त्याला भीती वाटू लागली होती.

डोक्याला लागलेले मार त्यानं कधी मोजले नव्हते, कुणीच मोजत नसे. एक तेवढा लक्षात होता, म्हणजे त्याच्या आधीचं आणि नंतरचं लक्षात होतं. न्यूयॉर्कमधला सामना, चिखल. दोघांच्या मध्ये त्याचं डोकं सापडलं. मग एकदम फार शांत आणि पिवळं झालं सगळं. तो उठला आणि छान चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात वाकून उभा राहिला, त्यांचा डाव ऐकायला. ते सगळे हसायला लागले. पाठीमागून पट्ट्याला धरून कुणी तरी त्याला वळवलं. "चाकवाल्या, घर इकडे आहे," तो आवाज म्हणाला. त्या आवाजात हसू नव्हतं. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ पुढच्यानं प्रत्येक डावाआधी त्याच्या कानाशी लागून त्याला सांगितलं, आता आपण डावीकडे जातोय, आता उजवीकडे, आता तुझ्याकडे चेंडू नाही, तू नुसता धाव. सामना ते जिंकले. वर्तमानपत्रात आलं, रेड्याला कुणी आवरू शकलं नाही.

दक्षिणेतल्या एका शहरात उन्हाळी सामना होता. तिथल्या हॉटेलनं पुढच्याला आणि आणखी दोघांना घ्यायला नकार दिला. त्यांची सोय गावातल्या शवपेट्या विकणाऱ्या एका काळ्या माणसाच्या घरी झाली. बालिंट सकाळी पायी तिकडे गेला, ओसरीवर उभा राहिला. पुढचा आतून ताट घेऊन आला आणि त्याच्या हातात दिलं. "खा. तुमच्या हॉटेलात असलं मिळणार नाही. खाली पेट्या, वर पोर्क. आम्ही मजेत आहोत." मग ताटाकडे बघत, वेगळ्या आवाजात म्हणाला, "मजेत नाही आहोत. पण तू आलास ते बरं केलंस." दोघांनी एका ताटात खाल्लं. त्या दिवशी दुपारी पुढच्यानं समोरच्या माणसांना असं काही उडवलं, की बालिंटला भिंत लागलीच नाही. तो रिकाम्या गवतातून एकटा धावत होता, आणि रडत होता, का ते त्याला तेव्हा कळलं नाही.

आणि शेवट. बालिंटचा गुडघा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात सराव सुरू होताच प्रशिक्षकानं त्याला बोलावून, आता संघात जागा नाही, हे हळू आवाजात सांगितलं. एवढा मोठा, ओरडणारा माणूस, त्या दिवशी त्याला आवाजच नव्हता. पुढच्यानं आपल्या गाडीतून त्याला घरी सोडलं. वाटेत गाणं म्हटलं नाही. त्यानंतर दोन हिवाळे तो दुसऱ्याच एका पोरसवदा फुलबॅकच्या पुढे धावला. बालिंट इलोनाला घेऊन सामन्याला जायचा आणि फक्त त्याच्याकडे बघायचा. पहिल्या दिवशी आपला मत्सर त्याला सोसवेना. आपलं अंथरूण दुसऱ्यानं वापरावं तसं वाटत होतं. पण तिथून, लांबून, त्याला पहिल्यांदा पूर्ण दिसलं तो काय करत होता ते. इतकी वर्षं बालिंटला ती पाठ ठाऊक होती, आता तोंड दिसलं. धडकण्याच्या क्षणाआधी तो डोळे मोठे करायचा, भ्यालेल्या माणसासारखे. प्रत्येक वेळी तो भीत होता आणि प्रत्येक वेळी जात होता. बालिंटनं ते इलोनाला सांगायचा प्रयत्न केला होता. त्याला सांगावं असं मात्र कधी सुचलं नाही. नाताळाला भेटी व्हायच्या, मग दोन नाताळ राहून गेले. आभार मानण्याजोगी गोष्ट अशी नव्हतीच ती. पायांचे आभार कुणी मानतं का?

किन्समन रोडवर तो उतरला तेव्हा पायांना रस्ता माहीत होता. दुकान, चर्च, मग डावीकडे. पायऱ्यांशी रचून ठेवलेली लाकडं. बेल वाजवल्यावर अर्लीननं दार उघडलं आणि क्षणभर त्याच्याकडे आणि पुडक्याकडे आळीपाळीनं बघितलं. "बॅल? बाई गं. एकटाच? इलोना बरी आहे ना?" सगळे बरे आहेत, असं तो म्हणाला. "मग असा का दिसतोस? जा, तो खाली आहे. शाळेत सुतारकाम शिकवायचं सोडलं पण रंधा काही सुटला नाही. माझ्या घरात खुर्च्या जास्त न् माणसं कमी झालीत."

तळघरात भुशाचा वास होता. तो पाठमोरा, खुर्चीचा पाय पकडीत धरून रंधा मारत होता. पाठ थोडी वाकली होती. बालिंट शेवटच्या पायरीवर थांबला. हाक मारायला नाव हवं होतं, म्हणून तो खोकला.

"उजव्या बाजूनं ये," तो न वळता म्हणाला. "डाव्या कानानं ऐकू येत नाही मला आता." मग वळला आणि रंधा खाली ठेवला. "चाकवाल्या."

बालिंटनं बसमध्ये काही वाक्यं जुळवली होती, सहज आलो वगैरे. ती सगळी गेली. तो म्हणाला, "मला तुझं नाव आठवत नाही."

तो पकडीतून खुर्चीचा पाय सोडवू लागला. बालिंटला वाटलं चुकीच्या कानाशी बोललो, म्हणून तो दुसऱ्या बाजूला गेला आणि पुन्हा म्हणाला, "बाजारात एकानं विचारलं. मला तुझं सगळं आठवतं. अर्लीन आठवते. नाव येत नाही. सकाळपासून शोधतोय."

"ऐकलं मी पहिल्यांदाच," तो म्हणाला. त्यानं एक खुर्ची पायानं पुढे सरकवली, बालिंट बसल्यावर दुसरी घेऊन समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. "होरेस," तो म्हणाला.

"होरेस," बालिंट म्हणाला.

"होरेस काय?"

बालिंटनं मान हलवली.

"पेटवे. होरेस पेटवे. काही फार चांगलं नाव नाही. गमावायचंच तर ठीक आहे."

बालिंट हसला नाही. होरेस पेटवे, त्यानं मनात म्हटलं, आणि ते नाव त्या माणसावर बरोबर बसलं, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि इतका वेळ ते कुठे होतं ते त्याला समजेना. "घरी सांगितलंस?" होरेसनं विचारलं. "नाही." "का?" "ती घाबरेल." "आणि तू?" होरेसनं हात झटकले आणि खुंटीवरचा कोट काढला. "चल. सांगायचं तूच. मी शेजारी बसेन. अर्लीन, मी बॅलला सोडायला चाललोय, जेवायला थांबू नको."

इलोनानं दोघांना एकदम दारात पाहिलं, होरेसच्या गालावर ओठ टेकून त्याला आत घेतलं, पुडकं घेतलं, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ते न उघडताच टेबलावर ठेवलं. बालिंटनं उभ्यानंच सांगितलं. बाजार, टोपीवाला, बस. कामावरच्या गल्ल्यांचंही सांगितलं. सुपाच्या भांड्याचं सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, "ते मला माहीत आहे." मग होरेसला तिनं विचारलं, "पण विसरला कुणाचं नाव?"

"माझं," होरेस म्हणाला.

"तुझं होय," इलोना म्हणाली. "मला वाटलं माझं." आणि ती हसली, आणि हसता हसता खाली बसली, अ‍ॅप्रन तोंडाला लावून. होरेस खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, उठून शेगडीवर तवा ठेवला आणि त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली, "क्लिनिकमधल्या डॉक्टरला मी दोन महिन्यांपूर्वीच विचारून ठेवलंय. म्हणाले, घेऊन या. मी वाट बघत होते तू कधी बोलतोस. सोमवारी जाऊ. होरेस, तूही चल. माझं तो ऐकत नाही."

"माझं तरी कुठे ऐकायचा," होरेस म्हणाला. "येईन."

सॉसेज तव्यात चुरचुरू लागली, लाल मिरचीचा न् लसणाचा वास सुटला. सोमवारी डॉक्टर काय सांगेल ते बालिंटला साधारण ठाऊक होतं. त्याच्याबरोबर खेळलेल्या एक-दोघांचं काय झालं ते त्यानं ऐकलं होतं. भीती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं होतं. तव्यापाशी ही, टेबलापाशी हा. आज बाजारात विचारणारा माणूस भेटला हे किती बरं झालं, असं त्याच्या मनात आलं. आज गेलेलं नाव आज परत मिळालं. सोमवारनंतर, पुढच्या हिवाळ्यात, त्यापुढच्या, काय काय राहील कुणी सांगावं.

"होरेस," तो म्हणाला. नाव तोंडात चांगलं लागलं. "मला तुझे आभार मानायचेत."

"कशाबद्दल?" होरेसनं पाव मोडत विचारलं. "सोडायला आलो म्हणून?"

"नाही. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"सगळं सांगतो," बालिंट म्हणाला, "आत्ता आठवतंय तोवर." आणि त्यानं पहिल्या उन्हाळ्यातल्या बराकीपासून सुरुवात केली. एकेक हिवाळा, एकेक मैदान. कुठे बर्फ होतं, कुठे चिखल, कुठल्या डावात होरेसनं कुणाला उडवलं, धडकण्याआधी त्याचे डोळे कसे व्हायचे. होरेसनं दोनदा "पुरे रे" म्हटलं, मग म्हणायचं सोडलं, मग उजवा कान त्याच्याकडे करून मान खाली घालून ऐकत राहिला. इलोनानं ताटं आणून ठेवली. ती गार होत होती, पण तिनं कुणालाच जेवायला सांगितलं नाही. आपली खुर्ची जवळ ओढून तीही ऐकायला बसली.